ओढणे आणि आवरणे

महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण मंजूर केले आणि चाकांवरचे घर घेऊन हिंडण्याची कल्पना आपल्याकडे सरकारदरबारी रुजू झाली. अशा घरांचे दोन प्रकार असतात. पहिल्यात मोटारीच्या पोटातच घर केलेले असते. दुसऱ्यात घर वेगळे असते. एका आसाची, दोन चाकांची एक छोटी पेटी, आत झोपण्यापुरती जागा, मागे उघडणारे स्वयंपाकघर, आणि पुढे एक दांडी. ही दांडी आपल्या नेहमीच्या मोटारीला मागे जोडायची आणि निघायचे. मुंबई-पुण्याकडच्या हौशी माणसाच्या डोळ्यांसमोर त्या वेळी बहुधा अलिबागचा किनारा असतो. वडखळ, पोयनाड, कार्लेखिंड असा रस्ता आहे, आणि मार्च २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला मोटारी वाहून नेणारी रो-रो बोटही आहे. मग पहिला प्रश्न येतो : आमची छोटी एसयूव्ही एवढे ओढेल का?

प्रश्न स्वाभाविक आहे, पण तो अपुरा आहे असे आम्हांला वाटते. माणसाने ओझे ओढायची युक्ती हजारो वर्षांपूर्वी शोधली. ओढलेले ओझे आवरायची युक्ती मात्र तो जेमतेम दीडशे वर्षांपूर्वी शिकला, आणि तीही पुष्कळ माणसे दगावल्यानंतर. ओढण्याचा हा इतिहास भौतिकशास्त्राच्या तासाला फार उपयोगी पडतो. बल, आघूर्ण, घर्षण, गतिज ऊर्जा हे सारे धडे त्यात एका ओळीत येऊन बसतात.

दायमाबादचा रथ

प्रवरा नदीच्या काठी दायमाबाद नावाचे गाव आहे. तेथे १९७४ साली एका शेतकऱ्याला जमिनीत काशाच्या चार जड वस्तू सापडल्या : हत्ती, गेंडा, रेडा आणि दोन बैलांचा रथ. बरेच अभ्यासक त्या उत्तर-हडप्पा काळातील, म्हणजे सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या मानतात. काहींनी या कालनिश्चितीबद्दल शंकाही घेतली आहे. आपल्याला येथे रथाची रचना महत्त्वाची आहे. दोन भरीव चाके, एक आस, पुढे गेलेली लांब दांडी, दांडीच्या टोकाला जू आणि जुवाखाली दोन बैल. मागे एक माणूस उभा आहे.

ही रचना नीट पाहिली तर आजच्या ट्रेलरची सगळी अंगे तिच्यात दिसतात. आस आहे, दांडी आहे आणि ओढणाऱ्याशी जोडणारा सांधा आहे. दोन चाकांच्या गाडीला तिसरा आधार लागतो. तो आधार म्हणजे बैलांची मान. चार चाकांची गाडी स्वतःच्या पायावर उभी राहते, दोन चाकांची गाडी राहत नाही. ती काही भार नेहमी ओढणाऱ्याच्या अंगावर टाकते. हा भार किती असावा, हा प्रश्न दायमाबादच्या गाडीवानालाही पडला असणार आणि आज एसयूव्हीच्या मालकालाही पडतो.

घाट, वाट आणि चाक

गाडीची युक्ती इतकी जुनी असूनही सह्याद्री ओलांडून माल नेण्याचे काम शतकानुशतके पाठीवरच चालले. लमाण-वंजाऱ्यांचे तांडे बैलांच्या पाठीवर गोण्या लादून घाट उतरत आणि कोकणातले मीठ घेऊन वर चढत. कारण उघड आहे. चाकाला रस्ता लागतो, पायाला पायवाट पुरते. बोरघाटातून चाकाच्या गाड्या जाऊ शकतील असा रस्ता १८३० साली, मुंबईचा गव्हर्नर जॉन माल्कम याच्या काळात खुला झाला. पुढे त्याच दशकात गेसफर्ड नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने सोलापूरकडे टेंभुर्णी येथे सुधारित गाड्या बनवण्याचा कारखाना काढला. तोवर दख्खनच्या गाड्यांची चाके जड आणि भरीव असत. आऱ्यांचे, लोखंडी धाव चढवलेले हलके चाक आल्यावर तीच बैलजोडी जास्त ओझे नेऊ लागली.

येथे विद्यार्थ्यांना एक गोष्ट ठसवता येते. सपाट रस्त्यावर गाडी ओढायला लागणारे बल हे गाडीच्या वजनाइतके नसते. ते वजनाचा एक छोटा अंश असते आणि तो अंश चाक व रस्ता मिळून ठरवतात. चांगल्या डांबरी रस्त्यावर हवेच्या टायरसाठी हा अंश साधारण दीड टक्का असतो. मऊ, कोरड्या वाळूत तो वीस-पंचवीस टक्क्यांवर जातो. बैल दिवसभर टिकून जे बल लावू शकतो ते त्याच्या वजनाच्या सुमारे दहाव्या हिश्श्याइतके असते. म्हणजे ३५० किलोची दोन जनावरे मिळून साधारण ७० किलो वजनाइतके ओढबल सतत देतात. एवढ्या बळावर टनभर ओझे हलते, ही सारी चाकाची करामत.

ही करामत आपल्या कायद्यानेही ओळखली आहे. ओढकामाच्या जनावरांना क्रूरतेने वागवू नये म्हणून १९६५ साली केंद्र सरकारने नियम केले. त्यात लहान बैलाच्या दोन चाकी गाडीला हवेचे टायर नसतील तर ५०० किलो, टायर असतील तर ७५० किलो आणि बॉलबेअरिंग असतील तर १००० किलो अशी मर्यादा घातली आहे. बैल तोच, पण चाक बदलले की मर्यादा बदलते. शिवाय वाटेत किलोमीटरभर किंवा अधिक चढ असेल आणि तो ३० मीटरला ३ मीटरहून जास्त असेल तर मर्यादा निम्म्यावर येते. दहाला एक असा चढ चढताना गाडीच्या वजनाचा दहावा हिस्सा नुसता वर ओढण्यात जातो, हे गणित नियम करणाऱ्यांनी ध्यानात घेतलेले दिसते.

उलाळ गाडी

मराठीत एक सुंदर शब्द आहे : उलाळ. गाडीत मागच्या बाजूला ओझे जास्त झाले की दांडी वर उचलली जाते, जू बैलांच्या मानेवरून सुटू पाहते आणि गळ्याखालच्या जोत्याने बैलांचा गळा आवळतो. अशा गाडीला उलाळ गाडी म्हणतात. उलट ओझे फार पुढे झाले तर सगळा भार मानेवर येतो, मान सुजते आणि पुढे खांदा धरतो. जाणता गाडीवान गाडी भरताना हाताने जू उचलून पाहतो. ते हलके लागले तर पोती पुढे सरकवतो, जड लागले तर मागे. आघूर्णाचा नियम त्याने पुस्तकात वाचलेला नसतो, पण त्याचे हात तो जाणतात.

अलिबागच्या किनाऱ्यावर हीच गोष्ट पाहायला मिळते. कुलाबा किल्ला समुद्रात आहे आणि ओहोटीला त्याच्याकडे जाणारी वाट उघडी पडते. त्या वाटेने पर्यटकांना घोडागाडीतून नेण्याची रीत आहे. माणसे चढली की गाडीवाला कोणाला ‘पुढे सरका’ म्हणतो, कोणाला उठवून मागे बसवतो. पर्यटकांना ही त्याची सवय वाटते, पण तो आसाभोवतीचा तोल साधत असतो. त्याची दुसरी हुशारी वाटेच्या निवडीत असते. तो ओल्या, घट्ट वाळूवरून जातो. कोरड्या भुसभुशीत वाळूत चाक रुतले की घोड्याला तेच ओझे दहा-पंधरा पटींनी जड होते, हे आपण वर पाहिलेच.

ओढणारा बदलला

मुंबईत ९ मे १८७४ रोजी घोड्यांची ट्राम सुरू झाली. लोखंडी रुळावरचे लोखंडी चाक रस्त्यावरच्या चाकापेक्षा कितीतरी सहज फिरते, म्हणून एक-दोन घोडे माणसांनी भरलेला डबा ओढू शकत. पुढे ७ मे १९०७ रोजी विजेची ट्राम धावली आणि घोडे सुटले. या बदलाचा एक धागा थेट अलिबागला येतो. कुलाब्याच्या वेधशाळेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी चालू होती. विजेच्या ट्रामचा प्रवाह रुळांतून आणि जमिनीतून परत फिरतो व आपले चुंबकीय क्षेत्र निर्माण करतो. त्याने ही नाजूक मोजणी बिघडणार हे ओळखून वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांनी ट्राम येण्याआधीच नवी जागा शोधली. अलिबागची चुंबकीय वेधशाळा १९०४ साली सुरू झाली आणि दोन्ही ठिकाणच्या नोंदी जुळाव्यात म्हणून १९०६ पर्यंत दोहींकडे एकदमच मोजणी केली गेली. ओढणारा बदलला की त्याचे परिणाम किती दूरवर पोचतात याचे हे बोलके उदाहरण आहे.

हौसेसाठी घर ओढण्याची सुरुवातही घोड्यापासूनच झाली. आरमारातून निवृत्त झालेले डॉक्टर गॉर्डन स्टेबल्स यांनी १८८५ साली ब्रिस्टलच्या एका कारखान्याकडून ‘वाँडरर’ नावाची घरगाडी बांधून घेतली आणि इंग्लंडहून स्कॉटलंडपर्यंत प्रवास केला. गाडी जवळजवळ दोन टनांची होती आणि ती दोन घोडे ओढत. वाट पाहून ठेवायला एक नोकर तीनचाकी सायकलवरून पुढे जाई. पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ साली, बर्मिंगहॅमच्या एकल्स कंपनीने मोटारीमागे जोडायची घरगाडी विक्रीसाठी बनवायला घेतली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने जीपमागे जोडण्यासाठी पाव टनाचा दोन चाकी ट्रेलर वापरला. खडबडीत रानात त्यात सुमारे २२५ किलो सामान भरण्याची मर्यादा होती. त्याला हाताचा ब्रेक होता, उभा करताना पुढे टेकायला पाय होता आणि जोड निसटला तर धरून ठेवायला साखळ्या होत्या. विलीज जीप आपल्याकडे १९४०च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत जुळवली जाऊ लागली आणि जीपमागचा ट्रेलर लष्करात व सरकारी खात्यांत परिचयाचा झाला.

या साऱ्या प्रवासात रचना दायमाबादचीच राहिली. एक आस, एक दांडी, एक सांधा. बदलली एकच गोष्ट, ती म्हणजे वेग. आणि येथेच मोठी गफलत होते.

बैलगाडी ताशी ४ किलोमीटर वेगाने जाते. मोटारीमागचा ट्रेलर ताशी ६० किलोमीटरने जातो. वेग १५ पट झाला. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून ती २२५ पट होते. ६०० किलोच्या गाडीची गतिज ऊर्जा बैलाच्या चालीला सुमारे ३७० ज्यूल असते, तर मोटारीच्या वेगाला सुमारे ८३,००० ज्यूल. पहिली ऊर्जा बैल पाय रोवून जिरवतात. दुसरी कोणी जिरवायची?

आर्माघची सहल

हा प्रश्न आधी आगगाडीला पडला. तिच्यात एक इंजिन अनेक डबे ओढत होते आणि थांबवायला बहुतेक ठिकाणी इंजिनाचा ब्रेक व गार्डच्या डब्यातला हातब्रेक एवढेच साधन होते. जॉर्ज वेस्टिंगहाउसने १८६९ साली हवेच्या दाबाचा ब्रेक आणला आणि १८७२ साली त्याला एक महत्त्वाची कलाटणी दिली : नळीतला दाब गेला, तर ब्रेक आपोआप लागावा. म्हणजे डबे तुटून वेगळे झाले तरी ते स्वतःच थांबतील. पण ही सुधारणा महाग होती आणि अनेक कंपन्या टाळाटाळ करीत राहिल्या.

१२ जून १८८९ रोजी आयर्लंडमधील आर्माघ येथून रविवारच्या शाळेच्या सहलीची गाडी निघाली. मुले, शिक्षक आणि पालक मिळून नऊशेहून अधिक माणसे तीत होती. चढावर इंजिन दमले आणि गाडी थांबली. तेव्हा कर्मचाऱ्यांनी गाडी मध्येच सोडवून पुढचा भाग आधी वर नेण्याचे ठरवले. त्या गाडीचा ब्रेक इंजिनाशी जोडलेला असेपर्यंतच काम करणारा होता. जोड सुटताच मागच्या दहा डब्यांचा ब्रेक गेला. गार्डचा हातब्रेक आणि चाकांखाली लावलेले दगड एवढ्यावर ते डबे उतारावर उभे होते. पुढचा भाग निघताना किंचित मागे सरकला, धक्का लागला आणि डबे उतारावरून सुटले. खालून दुसरी गाडी येत होती. त्या धडकेत सुमारे ८० माणसे मेली. त्यांत मुले पुष्कळ होती.

त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने कायदा केला आणि प्रवासी गाडीच्या प्रत्येक डब्याला, जोड तुटल्यास आपोआप लागणारा ब्रेक सक्तीचा झाला. इंजिन दुबळे होते म्हणून ही माणसे मेली नाहीत. इंजिन दुबळे असल्यामुळे गाडी फक्त थांबली होती. माणसे मेली ती मागे राहिलेल्या डब्यांना स्वतःला आवरता येत नव्हते म्हणून. सहल काढणाऱ्या प्रत्येक शिक्षकाने हा इतिहास माहीत करून घ्यावा असे आम्हांला वाटते.

छोटी एसयूव्ही आणि तिचे शेपूट

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. आपल्याकडे छोटी एसयूव्ही हा प्रकार बराचसा करपद्धतीने घडवला आहे. २००६ साली चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या आणि लहान इंजिनाच्या मोटारींवरचे उत्पादनशुल्क कमी झाले आणि कारखानदार उंच, दणकट दिसणाऱ्या मोटारी चार मीटरांच्या आत बसवू लागले. दिसायला ही गाडी जीपची नात वाटते, पण बहुधा तिची पुढचीच चाके ओढतात आणि तिचे वजन ११००-१३०० किलोच्या आसपास असते.

माणसांसह अशी गाडी १५०० किलोची आणि मागचा ट्रेलर ६०० किलोचा धरू. सपाट डांबरी रस्त्यावर दीड टक्क्याच्या हिशेबाने ट्रेलर ओढायला फक्त ९ किलो वजनाइतके बल लागते (वेगाबरोबर हवेचा विरोध वाढतो तो निराळा). बाराला एक अशा चढावर त्यात ५० किलोची भर पडते. हे काही फार नाही. इंजिन ओढेल. म्हणूनच माणूस फसतो.

थांबण्याचे गणित पाहू. चांगल्या कोरड्या रस्त्यावर नुसती एसयूव्ही ताशी ६० किलोमीटर वेगावरून ब्रेक दाबल्यापासून सुमारे २० मीटरमध्ये थांबते. ट्रेलरला स्वतःचा ब्रेक नसेल तर तेच ब्रेकबल आता १५०० ऐवजी २१०० किलोंना आवरते. अंतर त्या प्रमाणात, म्हणजे १.४ पट होते. २० मीटरचे २८ मीटर. वाढलेल्या ८ मीटरांत दोन मोटारी उभ्या राहतात किंवा शाळेतून सुटलेली मुलांची एक रांग रस्ता ओलांडते.

घाटात तर आणखी. मुंबई-पुणे लोहमार्गाची बोरघाटातील चढण १८६३ साली खुली झाली. तीत गाडी सुमारे ५५८ मीटर वर चढते. रस्त्याने उतरताना ५०० मीटर धरले तरी ६०० किलोचा ट्रेलर सुमारे २९ लाख ज्यूल ऊर्जा सोडतो. एवढ्या उष्णतेत ३० अंशांचे १० लिटर पाणी उकळीला येईल. ट्रेलरला ब्रेक नसतील आणि चालक खालच्या गिअरमध्ये इंजिनाची मदत घेत नसेल तर यातला मोठा भाग एसयूव्हीच्या ब्रेकमध्ये, तिच्या स्वतःच्या उष्णतेच्या भरीला, जमा होतो. तापलेला ब्रेक पकडत नाही. म्हणून युरोपात ७५० किलोपेक्षा जड ट्रेलरला स्वतःचा ब्रेक सक्तीचा आहे, आणि त्याहून हलका बिनब्रेकचा ट्रेलरही ओढणाऱ्या गाडीच्या निम्म्या वजनापेक्षा जड चालत नाही. ब्रेक असलेल्या ट्रेलरला एक बारीक तार असते. जोड निसटला तर ती ताणली जाते आणि ट्रेलरचा ब्रेक लावते. ती तार म्हणजे आर्माघचा धडा.

राहिला तोल. उलाळ बैलगाडीने बैलांचा गळा आवळतो. उलाळ ट्रेलर नागमोडी डोलू लागतो. ओझ्याचा मध्य आसाच्या मागे गेला की लहानसा धक्का बसला तरी शेपटीची हालचाल प्रत्येक हेलकाव्याला वाढत जाते आणि ठरावीक वेगापलीकडे ती मोटारीलाच ओढून नेते. यावर उपाय गाडीवानाचाच : थोडा भार पुढच्या सांध्यावर ठेवायचा. युरोपात तो ट्रेलरच्या वजनाच्या पाच ते सात टक्के आणि अमेरिकेत सुमारे दहा टक्के ठेवण्याचा सल्ला देतात. ६०० किलोच्या ट्रेलरला ४५ किलो भार सांध्यावर हवा आणि सांधा आसापासून २.५ मीटर असेल तर ओझ्याचा मध्य आसाच्या पुढे किती हवा? ४५ गुणिले २.५ भागिले ६०० म्हणजे सुमारे १९ सेंटिमीटर. एवढ्याशा अंतरावर सारा खेळ आहे. आसाच्या मागे एक मीटरवर ५० लिटर पाण्याची टाकी ठेवली तर सांध्यावरचे २० किलो तत्काळ उडतात. बरे, सांध्यावर भार फार ठेवला तर एसयूव्हीचा मागचा भाग दबतो, पुढचा उचलला जातो आणि ओढणारी पुढची चाकेच हलकी होतात. चढावर किंवा वाळूवर ती नुसती गरगरतात.

एकदा डोलणे सुरू झाले तर? वेग वाढवू नये, सुकाणू उलटसुलट फिरवू नये, जोरात ब्रेक दाबू नये. ॲक्सिलरेटर सोडून गाडीला आपणहून हळू होऊ द्यावे. आणि अलिबागला पोचल्यावर ट्रेलर वाळूत उतरवू नये. पंचवीस टक्क्यांच्या हिशेबाने तेथे तो १५० किलोचे बल मागतो आणि भरती कोणासाठी थांबत नाही.

कायद्याच्या दृष्टीने १९८८च्या मोटार वाहन कायद्यात ट्रेलरची वेगळी व्याख्या आहे आणि त्याची स्वतंत्र नोंदणी करावी लागते. ओढणाऱ्या वाहनाचा क्रमांक ट्रेलरच्या मागेही दिसावा लागतो. मोटारीच्या कारखानदाराने माहितीपुस्तिकेत ओढण्याची मर्यादा दिली नसेल तर ‘मर्यादा नाही’ असा त्याचा अर्थ होत नाही. ती मोटार ओढण्यासाठी तपासलेली नाही असे समजावे.

चाकांवरची इतर घरे

हौशी माणसाचे चाकांवरचे घर आपल्याकडे नवे असले तरी गरजेचे घर जुने आहे. गाडीतच संसार थाटून फिरणारे गाडिया लोहार आपण पाहिले आहेत. दरवर्षी दिवाळीच्या सुमारास बीड, अहिल्यानगर आणि आसपासच्या जिल्ह्यांतून ऊसतोड कामगारांची कुटुंबे भांडीकुंडी, सरपण, शेळ्या आणि लहान मुले घेऊन ट्रॅक्टरमागच्या ट्रॉलीत बसून कारखान्यांकडे निघतात. रात्रभराचा प्रवास असतो. एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या जोडलेल्या असतात. दुसरी ट्रॉली पहिलीच्या शेपटीला, म्हणजे डोलण्याचे दोन सांधे. यांतल्या अनेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात, मागे दिवे नसतात, लाल परावर्तकही नसतात. हंगामात ऊस भरलेल्या अशा ट्रॉलीवर मागून मोटारसायकल आदळल्याच्या बातम्या दरवर्षी येतात.

एसयूव्हीच्या मालकाला साखळी, ब्रेक, दिवे आणि तोल यांचे जे नियम आपण सांगितले तेच या ट्रॉलीला लागू आहेत, आणि तिच्यात बसणाऱ्यांची संख्या कितीतरी मोठी आहे. विज्ञान दोघांना एकच आहे. हे विज्ञान ग्रामीण शाळेतल्या मुलाला ठाऊक झाले तर तो घरच्या ट्रॉलीला मागे चार परावर्तक तरी लावायला सांगेल.

वर्गात करून पाहा

या प्रयोगाला खर्च नाही. खपट्याची किंवा थर्मोकोलची एक वीतभर लांब पेटी घ्या. मध्यावर सायकलच्या आऱ्याचा आस आणि जुन्या चपलेच्या रबराची दोन चाके बसवा. पुढे बांबूची काडी दांडी म्हणून लावा आणि तिच्या टोकाला भोक पाडा.

१. पेटीत नाणी ठेवून काडीच्या टोकावरचा भार ताणकाट्याने मोजा. नाणी पुढेमागे सरकवा आणि अंतराप्रमाणे भार कसा बदलतो त्याचा तक्ता करा. टोक केव्हा वर उचलले जाते? हीच उलाळ गाडी.

२. टेबलावर लांब कागद पसरा. काडीचे भोक एका मुलाने उभ्या धरलेल्या खिळ्यात सैलसर अडकवा, म्हणजे पेटी जागच्या जागी राहील पण डावी-उजवीकडे फिरू शकेल. दुसऱ्याने चाकांखालचा कागद झपाट्याने मागे ओढावा. नाणी आसाच्या थोडी पुढे असताना पेटीला बोटाने टिचकी द्या, मग नाणी मागे नेऊन तसेच करा. पेटी केव्हा सरळ होते आणि केव्हा डोलत राहते ते मुलांना पाहू द्या.

३. पेटी सपाट फरशीवर, मग वाळूच्या थरावर ताणकाट्याने ओढा. बल आणि वजन यांचे गुणोत्तर काढा.

४. गावातल्या पाच ट्रॉल्या आणि पाच बैलगाड्या पाहून मुलांनी नोंद करावी : ब्रेक आहे का, साखळी आहे का, मागे दिवा किंवा परावर्तक आहे का, ओझे आसाच्या पुढे आहे की मागे. नोंदीखाली मालकाचे नाव लिहू नये. निष्कर्ष मात्र ग्रामसभेत किंवा पालकसभेत मुलांनीच वाचून दाखवावेत.

चौथ्या प्रयोगाला उपकरण लागत नाही, पण आमच्या मते चारांत तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू होण्याआधी तो उरकला तर अधिक बरे.